घाटीतलं इंग्रजी आणि तिकडच्या जीएमसीचं इंग्रजी

आपल्याकडे जीएमसी म्हटलं की सरकारी मेडिकल कॉलेज. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडची विष्णुपुरी, अंबाजोगाई, लातूर, आणि आता परभणी, धाराशिव, जालना, हिंगोलीसुद्धा. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, काम करायचं तर गाठ पडते ती वेगळ्याच जीएमसीशी: जनरल मेडिकल कौन्सिल. तिच्याकडे नोंदणी आणि परवाना असल्याशिवाय तिथे डॉक्टर म्हणून पेशंटला हात लावता येत नाही. या वाटेवरचा पहिला टोलनाका इंग्रजीचा आहे. इंग्रजीचा पुरावा हातात नसेल तर प्लॅबच्या, म्हणजे बाहेरच्या डॉक्टरांसाठी असलेल्या कौन्सिलच्या परीक्षेच्या, पहिल्या पेपरची तारीखसुद्धा घेता येत नाही.

इंटर्नशिप संपत आली की प्रत्येक बॅचमध्ये एकच प्रश्न फिरतो: एमबीबीएस इंग्रजीतूनच झालं की, मग वेगळी परीक्षा कशाला? अधिष्ठात्यांचं पत्र जोडलं तर चालणार नाही का?

तशी तरतूद आहे. पदवी दोन वर्षांच्या आतली हवी, शिक्षण आणि परीक्षा पूर्णपणे इंग्रजीत झालेली हवी. इथपर्यंत आपण बसतो. पुढची अट मात्र वाचली जात नाही: शिकताना पेशंटशी, त्याच्या घरच्यांशी आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांशी जो काही संवाद झाला, त्यातला किमान ७५ टक्के इंग्रजीत झालेला असला पाहिजे. रुपयातले बारा आणे. आता घाटीची मेडिसिन ओपीडी डोळ्यांसमोर आणा. हिस्ट्री मराठीत, नाहीतर दखनी हिंदीत. सिस्टरशी मराठीत. युनिटमधल्या युनिटमध्ये 'अरे, याचं क्रिएटिनिन बघ ना, किती आलंय' अशा खिचडीत. इंग्रजी फक्त पुस्तकात, थिअरीच्या पेपरात आणि केसपेपरवर. कॉलेजचं पत्र शिकवण्याच्या माध्यमाबद्दल असतं. बारा आण्यांबद्दल कोणताही अधिष्ठाता प्रामाणिकपणे सही करू शकणार नाही. त्यामुळे मराठवाड्यातल्या डॉक्टरने हा रस्ता डोक्यातून काढून टाकावा. ज्या देशाची पहिली भाषा इंग्रजी आहे तिथे शेवटची दोन वर्षं प्रॅक्टिस केलेली असेल, तर तो वेगळा मार्ग आहे. आपल्यासाठी उरते परीक्षा.

कौन्सिलने इंग्रजीचा मुद्दा एवढा ताणून का धरला? २००८ साली केंब्रिजशायरमध्ये जर्मनीहून हंगामी ड्यूटीला आलेल्या एका डॉक्टरने पेशंटला डायमॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाचा कमाल डोसाच्या दहापट डोस दिला आणि पेशंट दगावला. डॉक्टर थकलेला होता, औषध ओळखीचं नव्हतं, ही कारणं होतीच. पण युरोपातल्या डॉक्टरला भाषेची चाचणी न घेताच नोंदणी मिळते, ही गोष्ट त्या प्रकरणात चव्हाट्यावर आली. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि युरोपीय डॉक्टरांकडेही इंग्रजीचा पुरावा मागण्याचा अधिकार कौन्सिलला मिळाला. त्याच वर्षी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची अटही ७ वरून ७.५ बँडवर गेली.

आपल्याला यात नवल वाटू नये. ऑल इंडिया कोट्यातून आलेला रेसिडेंट पहिल्या आठवड्यात घाटीत उभा असतो आणि समोरची बाई म्हणते, 'अंगावर जातंय, डॉक्टर.' त्याला पुस्तकातलं सगळं गायनॅक येत असतं, पण या दोन शब्दांपुढे तो सिस्टरच्या तोंडाकडे बघतो. पांढरं जातंय की लाल, हे विचारायचं असतं हेही त्याला ठाऊक नसतं. लीड्सच्या वॉर्डात आपण म्हणजे तोच रेसिडेंट. ब्रिटिश म्हातारी म्हणते, 'आय वॉज सिक ट्वाइस लास्ट नाइट.' आपण लिहून घेतो की रात्री दोनदा तब्येत बिघडली. ती सांगत असते की दोनदा उलटी झाली. 'फनी टर्न' आला म्हणते तेव्हा तिला घेरी आलेली असते, आणि 'पुअरली' म्हणजे नुसतं आजारी, गरिबीशी त्याचा संबंध नाही.

आता आकडे. कौन्सिल दोन परीक्षा मानते. आयईएलटीएस असेल तर अ‍ॅकॅडेमिक प्रकारच, जनरल ट्रेनिंग चालत नाही. दर वर्षी कुणी ना कुणी चुकून जनरल बुक करतं आणि पैसे पाण्यात जातात. एकूण ७.५ बँड, आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारांपैकी कशातही ७ च्या खाली नाही. ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, असेल तर पेपर मेडिसिनचा आणि चारही भागांत बी ग्रेड, म्हणजे ५०० पैकी किमान ३५०. दोन्हींत एक अट सारखी: सगळे गुण एकाच बैठकीतले हवेत. मार्चचं लिहिणं आणि जूनचं बोलणं असं ठिगळ लावता येत नाही. आयईएलटीएसमध्ये एकच विषय पुन्हा देण्याची सोय आहे, तिचा कौन्सिलसाठी उपयोग नाही. घरी बसून देण्याच्या पर्यायांच्याही फंदात पडू नका, केंद्रावर जाऊनच द्या.

आयईएलटीएसच्या सरासरीत एक खोच आहे. चार बँडची सरासरी जवळच्या अर्ध्यावर नेतात आणि .२५ आला तर वर ढकलतात. ऐकणं ७.५, वाचणं ७.५, लिहिणं ७, बोलणं ७: बेरीज २९, सरासरी ७.२५, निकाल ७.५. पास. यातलं वाचणं अर्ध्याने घसरून ७ झालं की सरासरी ७.१२५ आणि निकाल ७. म्हणजे लिहिण्या-बोलण्यात काठावर ७ मिळणार असतील, तर ऐकणं आणि वाचणं मिळून किमान १५ हवेत. उलटंही होतं: ९, ८.५, ७.५ आणि लिहिण्यात ६.५. एकूण बँड चक्क ८ येतो आणि उमेदवार नापास. निकालावर ८ दिसतोय म्हणून पेढे वाटणारे पाहण्यात आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

क्लासवाल्यांचा एक घोळ इथेच मिटवू. इंग्रजीच्या क्लासमध्ये डॉक्टरपेक्षा नर्सिंगची मुलं जास्त असतात. नर्सिंगची नोंदणी करणारी ब्रिटिश संस्था वेगळी आहे आणि ती लिहिण्यात ६.५ किंवा ओईटीचा सी प्लस चालवून घेते. ती सवलत डॉक्टरांना नाही. 'लिहिण्यात ३०० आले तरी होतं' असं क्लासमध्ये कुणी सांगितलं, तर ते शेजारच्या बाकावरच्या मुलीसाठी खरं आहे, तुमच्यासाठी नाही.

दोन्हींपैकी कोणती द्यावी? इंग्रजी शाळेत शिकलेल्या, लहानपणापासून इंग्रजी पेपर वाचणाऱ्या मुलाने खुशाल आयईएलटीएस द्यावी, ती स्वस्त पडते. पण मराठवाड्यातल्या मेडिकलच्या मुलांचा साचा बराचसा ठरलेला आहे. दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी इंग्लिश, मग लातूर नाहीतर नांदेडला दोन वर्षं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. नीटमध्ये इंग्रजीला गुणच नाहीत, म्हणून अकरावीपासून तो विषय अडगळीत. अशा मुलाला 'शहरांत खासगी गाड्यांवर बंदी घालावी का' यावर ४० मिनिटांत २५० शब्दांचा निबंध लिहून ७ बँड काढणं जड जातं. विचारांची कमी नसते, पण आयुष्यात असं काही इंग्रजीत लिहिलेलं नसतं. ओईटीत त्याच वेळात पत्र लिहायचं असतं, आणि पत्राचा विषय आपल्या ओळखीचा असतो. माझा कौल ओईटीला आहे, फी जास्त असली तरी. आयईएलटीएसच्या लिहिण्यात तीनदा आपटण्यापेक्षा एकदा महागाची परीक्षा परवडते.

ओईटीत सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती पत्रात. ४५ मिनिटं मिळतात, पहिली ५ फक्त वाचायला. त्यात पेन चालवायचा नाही. मग ४० मिनिटांत पत्राचा मजकूर १८० ते २०० शब्दांत. तपासणी सहा मुद्द्यांवर होते: हेतू, आशय, नेमकेपणा, शैली, मांडणी आणि भाषा. हेतूला ३ पैकी गुण, बाकी पाचांना प्रत्येकी ७ पैकी. नीट पाहा, भाषा हा सहापैकी एक मुद्दा आहे. व्याकरण घोटून घेणाऱ्या क्लासमध्ये बाकीचे पाच वाऱ्यावर सुटतात.

आपला डिस्चार्ज कार्डवाला हात इथे घात करतो. आपण सुरुवात करतो 'के/सी/ओ डीएम, एचटीएन' (आधीपासून डायबेटिस, हाय ब्लड प्रेशर) पासून, मग तक्रारी तारीखवार, मग तपासण्या, मग उपचार, आणि शेवटच्या ओळीत फॉलोअप. ओईटीचं पत्र बरोबर उलटं हवं. पहिल्याच वाक्यात पेशंट कोण, काय झालंय आणि वाचणाऱ्याने काय करायचंय. समजा, हार्ट अटॅकनंतर घरी जाणारे ५८ वर्षांचे गृहस्थ आहेत आणि पत्र त्यांच्या जीपीला, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरला, आहे. पहिलं वाक्य असं असावं की ते उद्या घरी जात आहेत, त्यांना हार्ट अटॅक आला होता, आणि पुढे औषधांवर लक्ष ठेवणं व सिगारेट सोडवणं तुमच्याकडे सोपवतो आहे. एवढं वाचून जीपीने फोन उचलला तरी काम झालं पाहिजे. हेतूचे ३ गुण याच वाक्यावर ठरतात. पुढे शेवटच्या परिच्छेदात तीच विनंती तपशिलाने येते.

नंतर प्रश्न येतो काय गाळायचं. केस नोट्समध्ये मुद्दाम जास्तीचा माल टाकलेला असतो: १९९८ चं अ‍ॅपेंडिक्सचं ऑपरेशन, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, बागकामाचा छंद, दुसऱ्या मजल्यावरचं बिनलिफ्टचं घर. काय ठेवायचं हे पत्र वाचणारा ठरवतो. जीपीकडे पेशंटची वर्षानुवर्षांची नोंद असते, त्याला अ‍ॅपेंडिक्स पुन्हा सांगायची गरज नाही. तेच पत्र ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे घरातले रोजचे व्यवहार पुन्हा जमवून देणाऱ्याला, असेल तर जिना सर्वांत महत्त्वाचा, आणि ट्रोपोनिन या हार्ट अटॅकच्या रक्ततपासणीचा आकडा त्याच्या उपयोगाचा नाही. अ‍ॅलर्जी मात्र औषध लिहिणाऱ्या कुणालाही कळवायचीच. सरावात प्रत्येक नोंदीसमोर एकच प्रश्न विचारा: हे गाळलं तर वाचणाऱ्याचं काही अडेल का? नाही अडलं, तर रेघ मारा.

संक्षेपांचं वेगळंच दुखणं आहे. 'के/सी/ओ', 'सी/ओ', 'पी/ए सॉफ्ट' ही आपली घरची लिपी. पत्रात पूर्ण वाक्य हवं. औषधाचं नाव मूळ नावाने लिहायचं: डोलो नव्हे, पॅरासिटामॉल. पॅन-डी लिहून तिकडे कुणाला काही कळणार नाही. 'एक्सपायर्ड' औषधं होतात, माणसं नाहीत. 'डू द नीडफुल' तर लिहूच नका. पेशंटचा उल्लेख दर वाक्यात 'द पेशंट' असा न करता 'मिस्टर' आणि आडनाव असा करावा.

आता भाषा. एकच वाक्य घेऊ, मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक सराव-पत्रात सापडणारं: 'पेशंट इज हॅविंग डायबेटिस सिन्स टेन इयर्स.' सहा-सात शब्दांत तीन चुका. सुरुवातीला 'द' नाही, कारण मराठीत त्या जागी काहीच येत नाही आणि कानाला ते रिकामं वाटत नाही. 'इज हॅविंग' चुकीचं, कारण आजार जवळ असणं हे इंग्रजीत चालू असलेली क्रिया म्हणून लिहीत नाहीत. आणि 'सिन्स टेन इयर्स' हे थेट आपल्या 'दहा वर्षांपासून'चं पिल्लू. आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं: २०१५ पासून आणि दहा वर्षांपासून. इंग्रजीत वाटणी आहे. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', लांबी सांगायची तर 'फॉर'. म्हणून 'सिन्स २०१५', पण 'फॉर टेन इयर्स'. बरोबर वाक्य: 'ही हॅज हॅड डायबेटिस फॉर टेन इयर्स.' 'हॅज हॅड' लिहिताना हात अडखळतो, वाटतं एक शब्द जास्त पडला. नाही पडलेला. हे एक वाक्य औषधं, धाप, कंबरदुखी, सिगारेट असं बदलून वीसदा लिहून काढा. अख्ख्या व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा जास्त गुण यातून येतात.

पत्रानंतर बोलणं. साधारण २० मिनिटं. सुरुवातीच्या गप्पांना गुण नाहीत. मग दोन रोल-प्ले, प्रत्येकी ५ मिनिटं, त्याआधी कार्ड वाचायला सुमारे ३ मिनिटं. समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक होते. ती गुण देत नाही. सगळं रेकॉर्ड होतं आणि तपासणारे वेगळे असतात. त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका. गुण दोन गटांत येतात. एका गटात उच्चाराचा स्पष्टपणा, ओघ, भाषेचा उचितपणा आणि व्याकरण. दुसऱ्या गटात पेशंटशी नातं जुळवणं, त्याची बाजू समजून घेणं, बोलण्याला क्रम देणं, माहिती काढणं आणि माहिती देणं. हा दुसरा गट आपण विसरतो.

आणि इथे एक गोष्ट मराठीतूनच नडते. आपला आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो. 'बस' आणि 'बसा' यांत फक्त एक काना आहे, पण तेवढ्यावर सगळं चालतं. 'आजी, झोपा इथे', 'कूस बदला', 'जीभ दाखवा', 'मोठा श्वास घ्या': ही आज्ञा असूनही कुणाला उद्धट वाटत नाही, कारण कान्याने आणि 'आजी'ने काम केलेलं असतं. इंग्रजीत तो काना नाही. 'सिट' म्हणजे 'बस' ही आणि 'बसा' ही. आपण मनातल्या मनात 'झोपा' म्हणतो आणि तोंडातून 'स्लीप हिअर' निघतं. ब्रिटिश कानाला ते 'इथे झोप काढ' असं ऐकू येतं, वर हुकूम. तिथे आदर शब्द वाढवून द्यावा लागतो: 'कुड यू लाय डाऊन ऑन द काउच फॉर मी, प्लीज?' आपल्याला हे आर्जव वाटतं. तिथे ते नुसतं 'झोपा' आहे.

तसंच 'काय त्रास होतोय?' या गोड प्रश्नाचं 'व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?' केलं की ते भांडणाला निघाल्यासारखं वाटतं. 'व्हॉट हॅज ब्रॉट यू इन टुडे?' असं विचारतात. 'मामा', 'मावशी'चं 'अंकल', 'आंटी' करू नका. कसं हाक मारलेलं आवडेल, हे सुरुवातीलाच विचारतात. 'बीपी आहे का, शुगर आहे का' हेही बदलायला हवं. बीपी प्रत्येक जिवंत माणसाला असतो; विचारायचं असतं 'हाय ब्लड प्रेशर' आणि 'डायबेटिस' बद्दल. 'मोशन झालं का' ऐवजी 'हॅव यू ओपन्ड युअर बॉवेल्स?'. आपल्या 'चक्कर'मध्ये डोकं हलकं होणं आणि घर फिरणं दोन्ही येतं. तिथे 'लाइटहेडेड' वाटतं की खोली फिरते, असं सोडवून विचारावं लागतं.

'काळजी करू नका' हा आपला हुकमी एक्का. इंग्रजीत मात्र पेशंट घाबरलाय असं सांगत असताना 'डोन्ट वरी' म्हटलं की गुण कापले जातात, कारण तुम्ही त्याचं बोलणं तोडलंत. आधी त्याने सांगितलेलं पुन्हा म्हणून दाखवा, मग नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा, मग माहिती द्या. कार्डावर चार-पाच कामं लिहिलेली असतात; ती यादी वाचल्यासारखी उरकणं ही दुसरी चूक. सलग चार-पाच वाक्यं बोललात तर थांबून 'कळतंय ना?' हे विचारायचं. आपल्या ओपीडीत शंभर पेशंट बाहेर उभे असतात, म्हणून आपल्याला थांबायची सवयच नाही. पाच मिनिटांत सगळी कामं पूर्ण झाली नाहीत तरी चालतं. पेशंटला कोंडीत पकडून व्याख्यान दिलेलं चालत नाही.

नातेवाईकांबद्दलही. 'पेशंटला नका सांगू, आम्हाला सांगा,' हे इथे रोजचं. तिथे उलट आहे: शुद्धीवरच्या पेशंटच्या परवानगीशिवाय मुलालाही काही सांगत नाहीत. कार्डावर नातेवाईक आला तर त्याची चिंता ऐका, पण पेशंटची माहिती देण्यापूर्वी परवानगीचा विषय काढा.

उच्चाराचं दडपण घेऊ नका. मराठी हेल राहिला तरी हरकत नाही, शब्द कळला पाहिजे. दोनच गोष्टी सुधारा. एक, 'व्ह' आणि 'व': 'व्हेन' म्हणजे शीर आणि 'वेन' म्हणजे केव्हा. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. दुसरं, जोर. आपण प्रत्येक अक्षराला समान वजन देतो, इंग्रजी देत नाही. 'हॉस्पिटल'चा जोर पहिल्या अक्षरावर, 'डायबेटिस'चा 'बे'वर. जोर चुकला की ओळखीचा शब्दही समोरच्याला अनोळखी होतो.

वाचणं आणि ऐकणं यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ओईटीच्या वाचण्याचा पहिला भाग म्हणजे १५ मिनिटांत चार छोटे मजकूर आणि २० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. वेळ संपला की तो भाग परत घेतात. वाचत बसायचं नाही, शोधायचं. लातूर पॅटर्नमध्ये घड्याळ लावून प्रश्न सोडवलेल्या मुलांना हा भाग हातचा मळ. स्पेलिंग मात्र इथे अचूक लागतं. पुढच्या २२ प्रश्नांना ४५ मिनिटं. ऐकण्यात ४२ प्रश्न, सगळं एकदाच ऐकवतात. पहिल्या भागात डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून २४ जागा भरायच्या. तिथे कानावर पडलेला शब्दच लिहा, स्वतःचा वैद्यकीय शब्द घालू नका. पेशंट 'टमी' म्हणाला तर 'अ‍ॅब्डोमेन' लिहायची हौस नको. एखादी जागा हुकली तर सोडून द्या. तिच्यामागे लागलं की पुढच्या दोन जातात.

ड्यूटी सांभाळून तयारीला बारा आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात ओईटीच्या संकेतस्थळावरचा फुकटचा नमुना पेपर घड्याळ लावून सोडवा, म्हणजे गळती कुठे आहे ते कळेल. मग आठवड्याला तीन पत्रं. विषय शोधायची गरज नाही: वॉर्डातलं डिस्चार्ज कार्ड घ्या, नाव-गाव बदला आणि तेच पत्र एकदा जीपीला, एकदा फिजिओथेरपिस्टला लिहा. दोन पत्रं सारखीच झाली तर तुम्ही वाचणाऱ्याचा विचार केलेला नाही. बोलण्यासाठी एक जोडीदार लागतोच. हॉस्टेलवर रोज एक रोल-प्ले, मोबाइलवर रेकॉर्ड करून, आणि ऐकताना फक्त मोजा: 'ओके' किती वेळा आलं, पेशंटचं बोलणं किती वेळा तोडलं. पहिल्या दिवशीचा आकडा लाजवतो.

आयईएलटीएसच धरली असेल आणि फक्त लिहिण्यात अर्ध्या बँडने हुकलं असेल, तर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते. गुण वाढले तर तिची फी परत मिळते. अर्ध्या बँडसाठी हा जुगार खेळण्यासारखा आहे, पूर्ण बँडसाठी नाही.

परीक्षेला ओळखपत्र म्हणून पासपोर्ट लागतो, आणि आपल्याकडे नावाचा घोळ हमखास असतो. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. त्यात लग्नानंतर बदललेलं आडनाव, किंवा कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. परीक्षेची नोंदणी पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणेच करा, एका अक्षराचाही फरक नको. कौन्सिलच्या ऑनलाइन खात्यातही तेच नाव. पदवीवर वेगळं असेल तर दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा, कारण पुढे पदवीची पडताळणी विद्यापीठाकडून होते आणि ती नावावरच अडते.

केंद्रासाठी नांदेड-लातूरकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद सोयीचं. मात्र रात्रभर प्रवास करून सकाळी थेट पेपरला बसू नका. आदल्या दिवशी पोहोचा. पेंगुळलेल्या कानांनी स्कॉटिश उच्चार कळत नाहीत.

शेवटी घड्याळ. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात. प्लॅबचा पहिला पेपर १८० प्रश्नांचा, तीन तासांचा. दुसरा भाग मँचेस्टरला, आणि तो पहिला पास झाल्यापासून दोन वर्षांत पूर्ण करायचा. दुसरा पास झाल्यावर नोंदणीसाठीही दोन वर्षांचीच मुदत. तारखा मिळणं, व्हिसा, पैशांची जुळवाजुळव यांत महिने जातात, आणि सध्या प्लॅब होऊनही पहिल्या नोकरीसाठी लांबलचक थांबावं लागतं. बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणार असेल तर इंग्रजीची परीक्षा त्याच्या सुरुवातीला देऊ नका, उत्तरार्धात द्या; नाहीतर निकालाचं अर्धं आयुष्य कन्नड नाहीतर किनवट तालुक्यातल्या दवाखान्यातच संपतं. आणि व्हिसाच्या वेळी कुणी एजंट 'वेगळी इंग्रजीची परीक्षा लागते' म्हणून पैसे मागू लागला, तर देऊ नका. कौन्सिलने मान्य केलेली परीक्षा पास झालेल्या डॉक्टरला व्हिसासाठी इंग्रजी पुन्हा सिद्ध करावं लागत नाही.